आतल्या बाजूची वेल

भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला मी माझ्या दुकानात चहासुद्धा पाजत नाही. नजर, करणी, बाधा – काही मानत नाही. हातगाड्यावर मोडक्या खुर्च्या विकून वर आलेला माणूस आहे. आज नांदेडात जुन्या फर्निचरचा भाव मला विचारल्याशिवाय ठरत नाही. तरी पेपरातल्या या सदरात हे लिहितोय, कारण माझं कुणी ऐकूनच घेत नाही... आणि त्याला कारण माझा साडू.

मागच्या उन्हाळ्यात उदगीर स्टेशनजवळच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधलं सामान लिलावात निघालं. सकाळची वेळ, हॉल माणसांनी भरलेला. साडू प्रल्हाद लातूरहून आला होता. धंदा मीच शिकवला त्याला, आता माझ्यावरच बोली चढवतो.

सगळ्यांचा डोळा एका दोन दारांच्या कपाटावर होता. 'व्हिक्टोरियन' म्हणे. म्हणणारे सगळंच म्हणतात, मी नक्षी बघतो. मशीनची पानं एकसारखी येतात. हाताने कोरलेली दोन पानं कधीच सारखी नसतात, आणि पटाशीची खूण बोटाला लागते. दारांवर द्राक्षाची वेल होती, मधोमध मोठं फूल – दारं मिटली की पूर्ण, उघडली की अर्धं अर्धं. डोळे मिटून बोटं फिरवली. अस्सल हाताचं काम! चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही.

"काय ओ साडूभाऊ, वाळवी सापडली का?" प्रल्हाद मागून खिदळला. "तुम्हाला तर नव्या लाकडातबी सापडती."

"तुझ्या डोक्यात सापडंल आधी," म्हणालो आणि पाठीची फळी बघायला आत शिरलो. आतून कपाट साधं, कोरं होतं. हे मी नीट पाहिलं होतं.

मागे दार लागलं.

प्रल्हादची थट्टा समजून शिवी हासडली. दार ढकललं, हललं नाही. मिट्ट काळोख – आणि तळहाताखाली नक्षी. पानं, घोस. मघाशी कोरं होतं तिथं!

अजून घाबरलो नव्हतो. म्हटलं, वेल धरून सरकत गेलो की मधलं फूल लागेल, आणि फुलाच्या मधोमध दारांची फट असणारच. सरकत गेलो. कोपरा, पाठ, दुसरा कोपरा... फूल नाही. फट नाही. कोपऱ्यात तरी वेल तुटायला हवी ना, फळ्या वेगळ्या असतात! ती कुठंच तुटत नव्हती. सांधाच नाही असं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सांधा नाही, म्हणजे दारच नाही. तेव्हा मात्र ओरडलो. लाथा मारल्या. प्रल्हादला 'बाबा रे, काढ' म्हणून हाका मारल्या. श्वास पुरत नव्हता...

कुणीतरी कॉलर धरून बाहेर ओढलं. प्रल्हाद होता. दोन्ही दारं सताड उघडी.

"दार का लावलंस?" मी त्याचा गळाच धरला.

"कुणी लावलं ओ? उघडंच हाय की! तुम्ही आत उभं राहून नुसते हात फिरवायले होते. तोंडातून आवाज न्हाई. हाका मारून दमलो मी."

आत पाहिलं. कोरी फळी. घामाने थबथबलेला मी सगळ्यांना सांगत सुटलो – हे कपाट घेऊ नका, ह्यात काहीतरी आहे. हॉलभर हशा. "शेठनं भाव पाडायची नवी तऱ्हा काढली!" कुणीतरी टाळी दिली. बोली खरंच थंडावली आणि प्रल्हादने कपाट स्वस्तात उचललं.

आता ते लातूरला त्याच्या बेडरूममध्ये आहे. माझी मेहुणी सुरेखा, म्हणजे त्याची बायको, त्यात साड्या ठेवते. मी विनवलं, भांडलो. शेवटी म्हणालो, मला वीक, मी जाळून टाकतो.

"जाळायला कुणी पैसे देतं व्हय? म्हंजे माल लईच भारी हाय!"

मी जितकं जास्त देऊ केलं, तितका तो जास्त ताठला. घासाघीस धंद्यात सगळेच करतात. पण मी खरं बोललो तर तीही घासाघीसच!

गेल्या आठवड्यात सुरेखाचा फोन. "दाजी, कपाटाला पॉलिश करायलेय. बाहेरची नक्षी झाली. आतली कशी पुसायची ओ? पानात लई धूळ बसली."

आतल्या नक्षीचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

"आत शिरली होतीस?"

"शिरल्याबिगर हात पोचतो का? रोजच शिरते की."

तसाच गाडी काढून लातूर गाठलं. प्रल्हादने दारं उघडून दाखवली. कोरी फळी. "आता माझ्या बायकोलाबी सामील करून घेतलं का?" म्हणाला. सुरेखा त्या फळीकडे बघत राहिली.

तिने काय हाताळलं, मी काय हाताळलं, मला आजही सांगता येत नाही. प्रल्हाद हे सदर वाचतो, म्हणून इथं चारचौघांत लिहून देतो – प्रल्हाद, तूच फोड, तूच जाळ, मला त्यातला ढलपाही नको. तू दिवसभर दुकानात असतोस. तिला बाहेर ओढायला घरात कुणी नसतं.