पंख्याचं बटन

संसारात आजवर मी दोनच गोष्टी स्वतःच्या अकलेनं केल्या. एक, पंख्याचं बटन काढून खिशात घातलं. दोन, बायकोच्या भावाला फोन केला. दोन्ही एकाच आठवड्यात, आणि तेव्हा दोन्हींवर मी खूश होतो.

वाशीमच्या जवळच आमचा भाजीचा मळा. मी पिकवायचं, तिनं बाजारात बसून विकायचं, अशी तीस वर्षांची वाटणी. कोणती भेंडी उद्या निबर होणार हे मला तोडायच्या आधी कळतं. घरात मात्र गेलं दीड वर्ष काय चाललं होतं, त्याचा पत्ता नव्हता. ती चहा पिता पिता घामानं निथळायची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना मधेच रडायची. मी म्हणायचो, कांद्यानं असेल. कांदे त्या दिवशी घरात नव्हतेच. गिऱ्हाइकांशी गोड बोलणारी बाई मला म्हणायची, "तुमी श्वास घेऊ नका बरं, आवाज येते."

ऐन थंडीत सकाळी सकाळी ती पंखा पाचावर करायची. मी कानाला मफलर गुंडाळून कुडकुडत चहा प्यायचो. चार दिवस समजावलं. पाचव्या दिवशी पंखा बंद केला, रेग्युलेटरचं बटन ओढून काढलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि मळ्यात गेलो. दुपारी परतलो तर ती अंगणात बसून सुपानं वारा घेत होती. मला वाटलं, जिंकलो.

मग दुसरी अक्कल. आमच्याकडे नव्या सुनेचं मन लागेना की तिच्या भावाला बोलावतात. चार दिवस माहेरचं पाणी प्यायली की ती ताळ्यावर येते. हा उपाय वीस वर्षांच्या पोरीचा, पन्नाशीच्या बाईचा नव्हे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. पन्नाशीत नवऱ्यानं मेव्हण्याला बोलावलं की गाव एकच अर्थ काढतं: हाकलली. मी गुपचूप रिठदला, तिच्या माहेरी, फोन केला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण हौसेनं तिची पिशवीही मीच भरली.

मेव्हण्यानं आल्या आल्या पिशवी उचलून पाहिली, उघडून पाहिली. "भाऊजी, चार दिवसाले आठ लुगडे?"

"असू दे. राहू दे तिले आरामात," मी म्हणालो.

ती दारात उभी होती. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भांडली असती तर बरं झालं असतं. चपला घातल्या आणि भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली.

चार दिवसांचे दहा झाले. फोन उचलेना. बाजारात मीच बसू लागलो. मेथीवर ओलं पोतं टाकायचं विसरलो, तर दहा वाजायच्या आत मेथीनं मान टाकली. शेजारी बांगड्या विकणारी एक मुसलमान म्हातारी बसते, बायकोची जुनी मैत्रीण. ती सकाळपासून मला न्याहाळत होती.

"क्यों भाऊ, बाई किधर है?"

"माहेरी. डोकं तापत होतं तिचं."

"डोकं नाई, अंग तापते. उसकी पाळी जाने का टाइम है. इतना भी मालूम नहीं?"

मी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही? ती हसली. "शरमाते क्यों? मेरे मियाँ ने भी मेरे को मायके पहुँचाया था. छे महिने नाई आली मी."

"मग?"

"मग तो रोटी सेकना सीखा. तब आली."

सहा महिने! मेथी तिच्या हवाली केली आणि रिठदची बस धरली.

मेव्हण्याच्या पडवीत ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. समोर टेबल फॅन, भरधाव. मेव्हणा स्वेटरवर शाल घेऊन कोपऱ्यात. बापड्यानं पंख्याला हात लावला नव्हता.

"काहून आले?"

"तुले न्यायले."

"आठ लुगडे भरून धाडली. नववं द्याचं राह्यलं होतं का?"

"मले मालूम नव्हतं," मी म्हणालो, "पाळी जातानी असं होते म्हणून."

मेव्हण्यानं शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"दिवाळीच्या आंधी मी एकटी दवाखान्यात गेली होती," ती म्हणाली. "डॉक्टरीनबाईनं सारं सांगतलं. घरी येऊन तुमाले सांगाले बसली, तर तुमी मले अर्धा घंटा टमाट्याचा भाव सांगतला."

खरं होतं. तो भाव मला अजून पाठ होता. तिचं एक वाक्य आठवत नव्हतं.

खिशात हात गेला, तर बटन. दहा दिवस शर्ट बदलला की ते नव्या खिशात टाकत होतो, जणू कोणी चोरणार होतं. ते तिच्यापुढच्या सुपात, टरफलांवर ठेवलं.

तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे दहा दिवस घरी पंखा बंदच? मंग थंडी नसंन वाजली तुमाले."

"वाजली," मी म्हणालो. "तरीबी वाजली."

बराच वेळ ती शेंगा सोलत राहिली. सगळ्या संपल्यावर बटन कमरेच्या बटव्यात टाकलं आणि उठली.

"पिशवी तुमी उचला. तुमीच भरली होती."

बटन अजून तिच्याच बटव्यात आहे. आता उन्हाळा लागलाय. ती बाजारातून परत येईपर्यंत आमच्या घरी पंखा लागत नाही. मी अंगणात सूप घेऊन बसतो.