बेचाळीस दुकानांचा एकच मुहूर्त

दसऱ्याचा दिवस. करार हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, रक्कम वर्षाला दोन लाख बावन्न हजार. हजर तिघे: नांदेडच्या आडत दुकानदारांतले वडीलधारे, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, माझ्या लातूरच्या ऑफिसातली एकुलती प्रोग्रॅमर, आणि मी. बेचाळीस दुकानं, दुकानामागे सहा हजार. पहिल्या तीन महिन्यांचे त्रेसष्ट हजार अप्पांनी त्याच दिवशी जमा केले.

प्रोग्रॅमर रेणापूरची. तिला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलेलं होतं. आमचं हिशेबाचं वेब ॲप्लिकेशन बारा वर्षांपूर्वी लातूरच्या एका दुकानासाठी लिहिलं, ते आता दीडशे दुकानं वापरत होती. कोड वाढला तो लागेल तशी खोली काढत. पाया एका दुकानाचाच. नांदेडचे पैसे चालू राहिले तर तिने थांबायचं आणि दोघांनी मिळून पाया बदलायचा, असं ठरलं. नाही राहिले तर ती जाणार. मग एवढा पसारा मला एकट्याला झेपणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

आम्ही सोयाबीनच्या हंगामाची तयारी केली. शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या हजारो खोट्या पट्ट्या सर्व्हरवर सोडून पाहिल्या. सगळं टिकलं. लक्ष्मीपूजन मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी व्यापारी नवी वही उघडतात. त्यासाठी आमच्याकडे एक बटण आहे. ते दाबलं की प्रत्येक खात्याची जुनी बाकी नव्या वर्षात ओढली जाते. हा कोड पहिल्या वर्षीचा. एका दुकानाचं काम चाललेलं असताना तो बाकी सगळ्यांच्या खात्यांना कुलूप लावतो. लातूरला दर दुकानाचा पूजा सांगणारा स्वामी वेगळा आणि मुहूर्तही वेगळा, त्यामुळे कधी कुणी कुणाला आडवं आलं नव्हतं.

नांदेडला बेचाळीस जणांचा स्वामी एक, मंगल कार्यालय एक, मुहूर्त एक. मला मानाने बोलावलं होतं. सतरंजीवर लॅपटॉप ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या झाकणावर भस्माची तीन बोटं. शंख वाजला आणि सगळ्यांनी बटण एकदम दाबलं.

स्क्रीनवर चक्र फिरू लागलं ते थांबेना. लातूरहून प्रोग्रॅमरचा फोन आला.

"सर, सगळे एकामागे एक अडकलेत. लातूरची दुकानं पण बंद पडली. पुन्हा दाबू नका म्हणावं, नाहीतर बाकी दोनदा ओढली जाईल."

मी ओरडून सांगितलं. "पुन्हा दाबू नका! एकदाच दाबा!"

"एकदाच दाबलं व्हतं की, काय झालं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मुहूर्त निघून चालला म्हणून लोक दाबतच राहिले.

अप्पा माझ्याजवळ आले. "सायब, आमच्या आजोबाची शाई सांडायची, पण वही कधी अशी गरगर फिरली न्हाई."

"अप्पा, थोडा वेळ द्या. एकेका दुकानाचं काढतो."

"मुहूर्त काय तुमच्या खिशात हाय व्हय?"

मी फोनवर सगळं बंद करायला सांगितलं. सर्व्हर परत उभा राहीपर्यंत मुहूर्त बहुतेक सरला होता. उरलेल्या वेळात दोन दुकानांच्या वह्या नीट उघडल्या. बाकीच्यांनी समोरच्या दुकानातून शाळेच्या वह्या मागवल्या आणि त्यांवर श्री लिहिलं. मी सतरंजीच्या कडेला उभा होतो. मला बसा कुणी म्हणालं नाही.

पाडव्याला कळलं की बंद करायच्या आधीच सात दुकानांच्या बाक्या दुप्पट होऊन बसल्या होत्या. त्यांत अप्पांचंही दुकान होतं. प्रोग्रॅमरने ते दुरुस्त केलं. तसं सांगायला मी त्यांच्या दुकानी गेलो.

"दुप्पट केलीत ते बरं केलंत," अप्पा म्हणाले. "आता वसूल पण तुम्हीच करून द्या."

मी हसलो नाही. पुढच्या वर्षापर्यंत तो कोड नव्याने लिहून देतो म्हणालो. एक पैसा जास्त नको, फक्त सोडू नका.

त्यांनी सुपारी कातरून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "माझा तुमच्यावर राग न्हाई. पण ज्या वहीचा मुहूर्त हुकला, तिच्यात आमची माणसं वर्षभर हात घालणार न्हाईत. ह्यात मी बी काय करू शकत न्हाई."

पैसे ठेवा म्हणाले. मी म्हणालो, वह्या दोनच नीट उघडल्या, दोन दुकानांचे तीन महिन्यांचे तीन हजार होतात, तेवढेच ठेवतो.

त्रेसष्टातले साठ हजार त्यांच्यासमोर, त्यांच्या खात्यात परत गेले. उरलेले तीन हजार मी महिन्याच्या पगारात घालून प्रोग्रॅमरला दिले. तो तिचा आमच्याकडचा शेवटचा पगार.