महादेवीची रजा

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, दृष्ट... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसते, म्हणून नातेवाइकांत आगाऊ म्हणूनच माझं नाव आहे. आता हसायची पाळी तुमची. हसा खुशाल, पण पूर्ण वाचा.

मी नळदुर्गला राहते. दोन खोल्या, किचन, घरात मी आणि आई. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, स्टाफच्या रजांचं काम माझ्याकडं. कुणाची किती सीएल उरली, तोंडपाठ असतं. दोन वर्षांपूर्वी आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हा कर्नाटकातल्या आळंदकडची महादेवी आमच्याकडं राहून आईचं सगळं बघायला लागली.

तिनं आईला जीव लावला. वेणी घालताना कानडी गाणी म्हणायची. "अव्वा, आज नवरीवानी दिसायलात की," म्हणून चेष्टा करायची, आणि आई अर्ध्या तोंडानं हसायची. आई जेवायची तीही तिच्याच हातानं. माझ्या हातचा घास थुंकून टाकायची... मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

महादेवीला मी कधी कामवाली म्हटलं नाही. घरचीच आहे, असं चारचौघांत मिरवायचे. आणि घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी? दोन वर्षांत ती तीनदा गावाला गेली असेल, तेही माझ्या सोयीनं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अक्का, दोन दिस गावाला जाऊन येऊ का?"

कॉलेजात परीक्षांची गडबड होती. मी म्हटलं, "आता? आईला कोण बघणार? पुढच्या महिन्यात बघू."

"बरं," म्हणून तिनं भाकरी उलटली. का जायचंय, हे मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी पावणेदहाला मी निघायच्या तयारीत होते. महादेवी आईला दूधभाकरी भरवत होती. आईनं तोंड फिरवलं. पुन्हा चमचा नेला, पुन्हा फिरवलं. "अव्वा, रुसलात व्हय माझ्यावर?" महादेवी विचारायली, तोवर आईनं डाव्या हातानं माझी ओढणी धरली — आणि बोलली.

"विजू, जाऊ दे तिला. तिची लेक घरात एकटी हाय."

स्पष्ट. लकव्याच्या आधीचा, मला हाका मारून मारून बसलेला तोच आवाज. महादेवी म्हणाली, "एकटी कशी असंल? जावई हाय की घरी..." पण तोंड उतरलं होतं तिचं. मी तिला लगेच स्कूटीवर बसवून स्टँडवर नेलं, आळंदच्या गाडीत बसवलं आणि ऑफिसला फोन करून रजा टाकली. घरी आले तर आईनं माझ्याकडं बघून आ केला. माझ्या हातानं वाटीभर दूधभाकरी खाल्ली तिनं. मी भरवत होते आणि रडत होते.

संध्याकाळी महादेवीचा फोन आला. तिच्या लेकीला आठवा महिना चालू होता. जावई त्या दिवशी पहाटेच कुणाच्या तरी मातीला सोलापूरकडं गेला होता, हे महादेवीलाही ठाऊक नव्हतं. दहाच्या पुढं लेकीला कळा सुरू झाल्या. जावयाचा फोन बंद, शेजारची माणसं रानात. महादेवी पोचली तेव्हा पोर दारात पडलेली. जीप करून दवाखान्यात नेलं. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आईच्या डॉक्टरांना विचारलं. असा एखादा शब्द कधीकधी फुटतो, म्हणाले. शब्द फुटेल हो... पण लेक एकटी आहे, हे आईला कुणी सांगितलं? कळाही सुरू झाल्या नव्हत्या तेव्हा. मी रोज म्हणते, आई, बोल की एकदा. ती नुसती बघते.

महादेवी दीड महिन्यानं परत आली. आता रविवार तिचा, सणाच्या सुट्ट्या तिच्या, वर्षातून पंधरा दिवस भरपगारी रजा. कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्यात. हे काही उपकार नाहीत, आधीच द्यायला हवं होतं.

ती आली त्या दिवशी मी तिला रागावलेच. "अगं बाई, लेकीला दिवस गेलेत हे आधी सांगायचं नाही का? मी काय वाघ आहे?"

ती आईचे केस विंचरत होती. तिला राग नव्हता, हसूनच म्हणाली, "सांगितलं की अक्का. संक्रांतीला सांगितलं, शिमग्याला सांगितलं. आठव्या महिन्यात मला जावं लागंल, म्हणलं. तुमी मोबाइलात बघत बरं बरं म्हणलात. अव्वा होत्या की तिथंच."

आई कशी बोलली, तिला कसं कळलं, मला आजही उलगडलेलं नाही. आणि महादेवीनं दोनदा सांगितलेलं मला कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही.