लिहून दे, चालवून पाहू

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे लोडभाऊ कुणीही लिहिलेली कुठलीही ओळ न वाचताच आपल्या गेममध्ये चालवून बघत. आधी वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटे. "तू लिहून दे, चालवून पाहू," एवढं म्हणून चहाचा कप बाजूला ठेवायचे.

गेम त्यांनीच केलेला. संत्र्याचा बगीचा, झाडांवर माकडं आणि ती हाकलणारे तुम्ही. तो लुआ नावाच्या भाषेत होता. त्या भाषेत 'लोड' म्हणून एक सोय आहे. तिला साधा मजकूर दिला, की ती त्यातून चालणारा कोड करून देते, तोही गेम बंद न करता. भाऊंना ही सोय इतकी आवडली, की पडद्याखाली त्यांनी एक पांढरा चौकोन ठेवला. कुणीही यावं, त्यात काहीही लिहावं आणि बगीच्यात ते घडावं. दिवसातून पन्नासदा 'लोड कर' म्हणायचे, म्हणून लोडभाऊ. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते कुणी वाचत नसे.

मी सौंसरहून बसने यायची. पहिल्याच दिवशी मी माकडं पाचशे केली. कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा ओरडू लागला, पण भाऊ खूश. "सही आहे! खरंच पाचशे आले." एकदा कुणीतरी कधीच न संपणारी ओळ लिहिली आणि गेम जागच्या जागी गोठला. मी बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, "राहू दे. त्याचं चालू आहे. मधात बोलू नये." आमचे दोन चहा झाले. शेवटी लाईट गेली तेव्हा सुटका झाली.

त्यांच्या मामांनी फुलांसकट पाठवलेला सुप्रभातचा मेसेजही त्यांनी एकदा त्या चौकोनात चिकटवला होता. त्याचा कोड कसा होणार? पडद्यावर लाल अक्षरं आली. भाऊंना मामांसाठी वाईट वाटलं. "समजलं नाही म्हणते फक्त. मामाचं चुकलं असं नाही म्हणत."

मी तेव्हा नवं नवं वाचून शहाणी झाले होते. म्हटलं, "भाऊ, बाहेरच्या ओळींना वेगळ्या खोलीत बसवता येतं. मग त्या गेमच्या सामानाला हात लावत नाहीत."

"पाहुणा घरी आला अन् त्याले बाहेरच बसवू काय?" भाऊंनी विषय संपवला.

त्यांच्या वडिलांना, आबांना, हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. रामाकोन्याकडे त्यांचा खरा बगीचा होता. त्यांनी निरोप धाडला, "तू तिथं खोटे वांदर हाकलून राहिला, अन् इथं खरे माझा बगीचा खाऊन राहिले. शनिवारी येतो. पटलं नाही, त क्लासले कुलूप." भाऊ आठवडाभर नीट जेवले नाहीत. त्या क्लासशिवाय त्यांचं दुसरं काही नव्हतंच.

शनिवारी आबा जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून, कपाळाला शेंदूर लावूनच आले. पडद्यावर पहिलं माकड दगड लागून पडलं आणि आबा उसळले. "मारुतीच्या वारी वांदराले गोटा मारतं?"

भाऊंनी घाईघाईने ओळ लिहिली आणि दगडाच्या जागी डबा वाजू लागला. आबा खुर्ची पुढे ओढून बसले. मग सुरू झालं. वांदर आधी शेंड्यावर जातं. म्हातारं वांदर डब्याले भीत नाही. आबा सांगत, भाऊ लिहीत, आणि बगीचा बदलत जाई. आबा रंगात आले. "आता व्यापाऱ्याले माल देऊन टाक. सारा तोड."

भाऊंनी संत्री नुसती तोडली नाहीत, गेममधून पार पुसून टाकली. माकडं संत्री शोधायला गेली, आणि पडदा काळा.

माझी नजर दाराच्या कडीकडे गेली. भाऊ हळूच म्हणाले, "वांदर संत्रा शोधून राहिलं, आबा. संत्राच नाही, म्हणून गेम पडला."

"वांदर काय बुद्दू आहे?" आबा म्हणाले. "संत्रा नाही, त घरी जाईन न ते!"

भाऊंनी अगदी तेवढंच लिहिलं. संत्रं नसेल, तर घरी जा. गेम पुन्हा सुरू केला. माकडांनी रिकाम्या झाडांकडे पाहिलं आणि ओळीने चालती झाली. आबा मांडीवर थाप मारून हसले.

चप्पल घालताना म्हणाले, "कुलूप राहू दे. पुढच्या शनिवारी पाऊस टाकून ठेव." मग थांबले. "गारपीट नको टाकजो. पाहवत नाही."

आता मी पुण्यात एका कंपनीत गेम करते. तिथे बाहेरून आलेल्या प्रत्येक ओळीवर दहा पहारे आहेत, आणि ते मीच बसवलेत. भाऊंना हे सांगायची अजून हिंमत झालेली नाही. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. यंदा दिवाळीत क्लासवर गेले, तर तोच गेम, तोच पांढरा चौकोन. मुद्दाम खोडी काढावी म्हणून मी गारपीट लिहिली. भाऊंनी नेहमीसारखी न वाचताच चालवली.

बगीचा हिरवागार तसाच राहिला. खाली एवढंच उमटलं: आबा 'नाही' म्हणून राहिले.