राधिकाचा गुडघा आणि नॉर्वेचा कडा

मंडळी, आत्ताच हॉस्टेलवर पोचलेय. अजून बूटही काढले नाहीत, पण हे आधी सांगायचंच आहे.

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या आमच्या क्रिकेट टीममधल्या आम्ही चौघी स्वस्तातली तिकिटं काढून कोपनहेगनमार्गे नॉर्वेला आलोय. आज सकाळी डोंगर चढताना राधिका अर्ध्यातच बसली. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

"तुम्ही जा गं, मी इथेच थांबते."

आमच्या आयरिश कॅप्टनने, नीव्हने, "वुई विल बी ग्रँड," म्हणजे 'जमेल गं सगळं', असं म्हणत तिची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग सगळ्याच राधिकाच्या चालीने चढलो.

वर पोचलो आणि ढग सरले. खाली दोन कड्यांमधून आत शिरलेला हिरवा समुद्र, त्यात काडेपेटीएवढं जहाज. कुणालाच बोलवेना.

शेवटी राधिका हळूच म्हणाली, "माझ्याच पायांनी आले ना गं मी?"

तुम्हाला कुठल्या जागेने असं गप्प केलंय?