'स्लो'चे सगळे अर्थ

पन्नासच्या दशकात मी जऊळक्याच्या शाळेत मास्तर होतो. वय बावीस. गावात इंग्रजी शब्दकोश फक्त माझ्याकडे होता आणि त्याचा मला फार ताठा होता. प्रगतिपुस्तकात शेरे मराठीत लिहायची पद्धत होती. मी ते इंग्रजीत लिहायला लागलो. तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या नजरेत भरावं, एवढाच त्यामागे हेतू.

पाचवीत एक मुलगी होती. तिचे वडील रेल्वेच्या लाइनवर गँगमन होते, रुळांखाली खडी भरायचं काम करत. मुलगी कोऱ्या पाटीसमोर बराच वेळ बसून राही, मग एकेक अक्षर कोरल्यासारखं काढी. बाकीची मुलं गणित संपवून पाणी प्यायला जात, तेव्हा हिची दुसरी ओळ चाललेली असे. सहामाहीनंतर मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'स्लो'. लिहिताना काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका पोरानं तिचं पुस्तक उचलून विचारलं, "गुर्जी, हे काय लिवलं?"

मला तेवढंच हवं होतं. खडू घेऊन मी फळ्यावर शब्द लिहिला आणि सुरू झालो. हेडमास्तरांचं घड्याळ रोज दहा मिनिटं मागं पडतं, ते स्लो. दर स्टेशनाला थांबत येणारी पॅसेंजर, ती स्लो. दूध उतू जाऊ नये म्हणून आई विस्तव कमी करते, तोही स्लो. एका शब्दाचे इतके अर्थ काढून दाखवल्यावर मुलं आ वासून बघत होती आणि मी स्वतःवर खूश होतो.

तोच पोरगा म्हणाला, "मंग हिच्या बुकातला कोनता?"

इथं थांबता आलं असतं. 'सावकाश' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला रंग चढला होता. मी म्हणालो, "मंद."

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. ती मान खाली घालून पाटी पुसत राहिली. पाटीवर काहीच नव्हतं.

दोन-तीन दिवस पोरं तिला 'मंद, मंद' म्हणत घरापर्यंत गेली. ते माझ्या कानावर आलं होतं. मी कुणालाच रागावलो नाही. कुठल्या तोंडानं रागावणार? मग ती यायची बंद झाली.

आठवड्यानं तिचे वडील कामावरून थेट शाळेत आले. हातापायांना खडीची धूळ. दाराबाहेर चपला काढून त्यांनी प्रगतिपुस्तक पुढं केलं.

"गुर्जी, पोरगी शाळेत जात नाही म्हनते. काहून, ते सांगत नाही. ह्याच्यात काय लिवलं हाय?"

"स्लो," मी म्हणालो. "म्हणजे सावकाश. ती सावकाश लिहिते."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग बराबर हाय. आमच्या लाइनवर बी हे पाटी लावतो आमी. जिथं खडी नवी भरली, तिथं गाडी स्लो काढा लागते. नाही तं लाइन खचते." मग म्हणाले, "तुमी तिले सावकाश शिकवा. मले घाई नाही."

मी मान डोलावली. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. उलट, निभावलं, असंच वाटलं.

तरीही ती आली नाही. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. वडिलांनी बाज टाकली आणि तिला म्हणाले, "पाय वं पोरी, गुर्जी तुयासाठी घरी आले. ते म्हनतात, तू सावकाश लिवतं. त्याच्यात काय वाईट हाय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज जराही न चढवता म्हणाली, "सावकाश नाही बाबा. मंद. गुर्जीनंच सांगतलं सगळ्याईले. अन् हासले बी."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मी नाही म्हणेन, याची ते वाट बघत होते. मी बाजेच्या दोरीवर बोट फिरवत बसलो. ते आत गेले आणि तांब्या घेऊन आले. "पानी घ्या, गुर्जी." त्यांनी दुसरं काही म्हटलं असतं, शिवी दिली असती, तर मला घरी जाता आलं असतं. ते पाणी मी कसं प्यायलो, मला माहीत.

पुढच्या उन्हाळ्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी ती आली. धाकट्या बहिणीचा हात धरून. उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "हिचं नाव टाका पहिलीत."

वर्गातली मुलं आत बसली होती. मनात मी शंभरदा घोकलेलं वाक्य होतं: माझं चुकलं, तू आत ये. ते सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, जसा तो शब्द सगळ्यांसमोर म्हटला होता. मी रजिस्टर उघडलं, दौतीत टाक बुडवला.

"जन्मतारीख?" मी विचारलं.

तिनं सांगितली. मी लिहून घेतली. बहिणीला आत ढकलून ती निघून गेली.