ओळखीचा रकाना

संत्रं सोललं की अजूनही मला कळमन्याच्या फळबाजारातलं ते अडत्याचं दुकान आठवतं. दुकानात नवा संगणक आला होता, तो सुरू करून द्यायला मी गेलो होतो, त्यात शेतकऱ्यांची नावं चढवायची होती आणि अडत्याने टाईप करून दिलेली फाईल काही केल्या आत जाईना. नाव, गाव, फोन, मध्ये स्वल्पविराम, इतकं साधं काम. पण याने कुठे नावापुढे स्वल्पविराम देऊन 'विहिरीवाले' लिहिलेलं, कुठे 'पाटलाचे जावई', त्यामुळे गावाच्या रकान्यात जावई येऊन बसत होते. बाहेर संत्र्यांचे ढीग लागलेले, हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आत नावं चढायला हवी होती. मी वैतागून म्हणालो, "हे जास्तीचं काढूनच टाकतो." अडत्या गादीवरून उठलाच. "काहून काढून राहिला गा? एकेका गावात एकाच नावाचे चार जण हायेत, मी त्याइले ओळखू कसा?" शेवटी मी तक्त्यात एक रकाना वाढवला, त्याला नाव दिलं 'ओळख', ज्यांच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं तिथे तो रिकामा ठेवला, आणि फाईल सरळ आत गेली. आता मी शहरालगत बेसाला एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो, दारावर नावाची पाटीही आहे. परवा संत्र्यांची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, तर शेजारच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "कोणाकडे आले तुम्ही?"